फरकाचा खेळ : सिटी कॉलेज, १९५०

खेळ पाहायला गेलेल्या माणसाची साक्ष इतिहासकार सहसा घेत नाहीत. गुणफलक, निकाल आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला वृत्तांत एवढ्यावर त्यांचे भागते. प्रेक्षक उरतो तो 'गर्दीने जल्लोष केला' अशा एखाद्या वाक्यापुरता. परंतु काही सामन्यांचा इतिहास प्रेक्षकाच्या बाजूनेच लिहावा लागतो. कारण जे घडले ते मैदानावर जितके घडले तितकेच बाकांवर बसलेल्यांच्या मनात घडले, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. २८ मार्च १९५० च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिटी कॉलेज आणि ब्रॅडली या संघांत झालेला अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना हा अशांपैकी एक आहे. निकाल : सिटी ७१, ब्रॅडली ६८. हे तीन गुणांचे अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील सारे विवेचन अशा अंतरांभोवतीच फिरणार आहे.

सिटी कॉलेज म्हणजे काय, हे समजल्याखेरीज त्या रात्रीच्या आरोळ्या समजणार नाहीत. १८४७ साली 'फ्री अकॅडमी' या नावाने स्थापन झालेली ही संस्था न्यूयॉर्क शहराने चालवलेली. फी नाही, गुणवत्तेवर प्रवेश. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात, हार्लेमच्या टेकडीवर तिच्या गॉथिक धाटणीच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांचा काळसर दगड भुयारी रेल्वे खोदताना निघालेला आहे. (ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर शिकले, ते याच बाजूला, थोडे दक्षिणेस. पण कोलंबिया पैसेवाल्यांचे, आणि सिटी ज्यांना तेथे जाणे परवडत नसे त्यांचे.) पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले, म्हणजे शिंप्यांची, फेरीवाल्यांची, कारखान्यांतल्या मजुरांची मुले, येथे शिकून डॉक्टर, प्राध्यापक, लेखक झाली. समीक्षक आल्फ्रेड केझिन आणि अर्व्हिंग हाऊ येथलेच. पुस्तकी, चष्मेवाल्या, वादविवादात रमणाऱ्या मुलांचे कॉलेज अशी त्याची ख्याती होती. अशा कॉलेजाचा बास्केटबॉल संघ देशात पहिला यावा, यात सिटीच्या माणसाला क्रीडाप्रेमापलीकडचे काही दिसत होते. आपल्याला या देशात जागा आहे, याचा तो पुरावा होता.

संघही तसाच होता. सारी मुले न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतली. सुरुवातीच्या पाचांत अर्विन डॅमब्रॉट, एड रोमन आणि अल रॉथ हे तिघे ज्यू; एड वॉर्नर आणि फ्लॉइड लेन हे दोघे कृष्णवर्णीय. डॅमब्रॉट सोडला तर बाकीचे चौघे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. १९५० च्या मार्चमध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्रमुख संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरलेला नव्हता, हे ध्यानात घेतले की या पाचांच्या रांगेकडे पाहणाऱ्याला काय वाटत असेल, त्याची थोडीफार कल्पना येते. प्रशिक्षक नॅट होल्मन स्वतः न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीत वाढलेले, विसाव्या दशकातले नामांकित खेळाडू आणि काहीसे ताठ वृत्तीचे गृहस्थ.

सिटीच्या विद्यार्थ्यांची एक आरोळी होती, 'अलागारू'. तिचा अर्थ कोणालाच नीट ठाऊक नव्हता. एक मत असे, की हा अॅलिगेटर आणि कांगारू यांच्या संकरातून जन्मलेला काल्पनिक प्राणी. दुसरे असे, की फ्रेंच भाषेतील युद्धघोषणेचा हा अपभ्रंश. निरर्थक शब्दाला दोन व्युत्पत्ती चिकटाव्यात आणि दोन्हींवर चर्चा व्हावी, हे त्या कॉलेजाच्या स्वभावाला धरूनच होते.

आता ज्या जागेत हे सारे घडले तिच्याविषयी. ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन आज नाही. आठव्या अॅव्हेन्यूवरील ती वास्तू १९२५ साली उघडली आणि १९६८ साली बंद झाली. मुष्टियुद्धासाठी बांधलेले ते सभागृह, सुमारे अठरा हजार माणसे मावणारे, आणि वरचे मजले सिगारेट-चिरुटांच्या धुराने भरलेले. कॉलेजांचे सामने तोवर आपापल्या व्यायामशाळांतच होत. १९३४ च्या डिसेंबरात नेड आयरिश या क्रीडावार्ताहराने एका तिकिटात दोन सामने दाखवण्याची प्रथा गार्डनमध्ये सुरू केली आणि विद्यार्थ्यांचा खेळ शहराची करमणूक झाला. करमणुकीच्या पाठोपाठ सट्टा आला.

सट्टा पूर्वीही होता. पण बास्केटबॉलमध्ये बलवान आणि दुबळ्या संघांचे अंतर मोठे. निकाल आधीच दिसत असेल तर पैसे कोण लावणार? १९४० च्या सुमारास यावर एक तोडगा रूढ झाला. त्याचे श्रेय सहसा शिकागोच्या चार्ल्स मॅकनील या गणिती डोक्याच्या गृहस्थाला दिले जाते. कोण जिंकणार यावर पैज न लावता किती गुणांनी जिंकणार यावर लावायची. समजा, सिटी आठ गुणांनी जिंकेल असा आकडा बुकींनी काढला. सिटी नऊ गुणांनी जिंकली तर तिच्यावर पैसे लावणारा जिंकला. सातने जिंकली तर सामना जिंकूनही तो हरला. या युक्तीने एकतर्फी सामनाही शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत राहू लागला. त्याचबरोबर एका छताखाली दोन प्रेक्षकवर्ग तयार झाले. विद्यार्थी निकाल पाहत होते, सट्टेवाले फरक पाहत होते. सामना केव्हाच संपल्यासारखा असावा, शेवटच्या काही सेकंदांत कोणी तरी एक निरुपयोगी बास्केट करावी, आणि अर्ध्या सभागृहातून आरोळी उठावी, हे गार्डनमध्ये नेहमीचेच झाले होते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती बास्केट म्हणजे गोष्ट संपल्यावरचा एक सुटा शब्द. फरक पाहणाऱ्याची गोष्ट तेथेच संपत असे.

एकच संहिता, दोन वाचक. आणि जोवर दोघे एकमेकांच्या वाचनात ढवळाढवळ करत नव्हते, तोवर सारे ठीक होते.

त्या मोसमात सिटीची कामगिरी बरी, पण थोर नव्हती : सतरा विजय, पाच पराभव. तेव्हा कॉलेज संघांसाठी दोन राष्ट्रीय स्पर्धा होत. एक निमंत्रितांची, जी त्या काळी अधिक मानाची समजली जाई. दुसरी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, जी आज सर्वांना ठाऊक आहे. दोन्हींत एकाच वर्षी खेळणे तेव्हा शक्य होते. सिटीने प्रथम निमंत्रितांच्या स्पर्धेत आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला हरवले. मग १४ मार्चला समोर आला केंटकी.

या सामन्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण सिटीच्या कित्येक प्रेक्षकांच्या आठवणीत अंतिम सामन्याहूनही हाच वर आहे. केंटकी हा लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. त्याचे प्रशिक्षक अॅडॉल्फ रप हे त्या खेळातले सर्वांत दबदब्याचे नाव. त्यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि १९६९ पर्यंत तो घेतलाही गेला नाही. सामन्यापूर्वी सिटीच्या मुलांनी हस्तांदोलनासाठी पुढे केलेले हात केंटकीच्या काहींनी नाकारले, असे त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. निकाल ८९-५० असा लागला. रप यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीतला तो सर्वांत मोठा पराभव. ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलांनी दक्षिणेच्या अभिमानाला एकोणचाळीस गुणांनी लोळवले. विद्यार्थ्यांनीही त्या रात्री फरक मोजला असणार. पण त्यांचे मोजणे वेगळे होते.

पुढे डुकेन, आणि १८ मार्चच्या अंतिम फेरीत ब्रॅडली. ब्रॅडली हे इलिनॉयमधील पिओरिया गावचे कॉलेज, देशातला क्रमांक एकचा संघ. सिटीने त्याला ६९-६१ असे हरवले. दुसऱ्या स्पर्धेत ओहायो स्टेटवर केवळ एका गुणाने विजय, नॉर्थ कॅरोलिना स्टेटवर पाच गुणांनी. आणि दहा दिवसांच्या अंतराने, त्याच सभागृहात पुन्हा ब्रॅडली.

अंतिम सामन्यात मध्यंतराला सिटी ३९-३२ अशी पुढे होती. नॉर्म मेगर हा राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्यावर आदळून डोके फुटल्याने बाहेर गेला आणि टाके घालून पुन्हा खेळायला आला. शेवटचे मिनिट उरले असता सिटीकडे सहा गुणांची आघाडी होती. उभे राहून घड्याळ संपण्याची वाट पाहावी इतकी. तेव्हा ब्रॅडलीचा जीन मेलचिओरे, उंचीने बेताचा पण विलक्षण चपळ खेळाडू, चेंडू हिसकावून घेत सुटला. ६९-६४. मग ६६. मग ६८. एका गुणाचे अंतर. आणि पुन्हा चेंडू मेलचिओरेच्याच हातात, बास्केटकडे धाव. त्याने चेंडू वर उचलला त्या क्षणी डॅमब्रॉटने तो त्याच्या हातून काढला आणि दूर एकट्याच पुढे धावणाऱ्या मेगरकडे फेकला. डोक्याला पट्टी बांधलेल्या मेगरने शेवटची बास्केट केली. ७१-६८.

एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे. असे पूर्वी कोणी केले नव्हते, नंतरही कोणी केले नाही, आणि स्पर्धांचे नियम बदलल्याने आता कोणी करूही शकणार नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या आवारात हजारो विद्यार्थी जमले, वर्ग गुंडाळले गेले. त्या रात्री गार्डनमध्ये असणे ही पुढे आयुष्यभर सांगण्याची गोष्ट होणार होती. अकरा महिन्यांनी तीच अनेकांना मनात ठेवावीशी वाटू लागली.

१९५१ च्या जानेवारीत मॅनहॅटन कॉलेजच्या ज्यूनियस केलॉग या खेळाडूला एक हजार डॉलर देऊ करण्यात आले. सामना हरायचा नव्हता, फरक आवळायचा होता. केलॉग त्या संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, घरचा गरीब. त्याने सरळ प्रशिक्षकाला सांगितले आणि तेथून धागा सुटला. १८ फेब्रुवारीला सिटीचा संघ फिलाडेल्फियाहून सामना जिंकून रेल्वेने परतत असता वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. विद्यार्थ्यांनी उरलेल्या लेनभोवती आशा गोळा केली, त्याला डोक्यावर घेतले. काही दिवसांतच त्यालाही अटक झाली आणि त्याच्या खोलीतील फुलझाडाच्या कुंडीतून नोटा निघाल्या. मग डॅमब्रॉट, मेगर, हर्ब कोहेन. जिल्हा वकील फ्रँक होगन यांच्या चौकशीत शेवटी सात कॉलेजांचे बत्तीस खेळाडू आणि १९४७ ते १९५० मधले शहाऐंशी सामने सापडले. त्यांत ब्रॅडलीही होते आणि मेलचिओरेही. म्हणजे त्या शेवटच्या झटापटीत ज्याच्या हातून चेंडू गेला तो, ज्याने काढला तो आणि ज्याच्याकडे फेकला तो, अशा तिघांचीही नावे आरोपींच्या यादीत आली.

सट्टेबाज आपल्या पोरांना लांबलचक काठीनेही शिवू शकणार नाहीत, अशी ग्वाही रप यांनी दिली होती. १९५१ च्या ऑक्टोबरात त्यांच्या १९४९ च्या विजेत्या संघातील तिघांना अटक झाली. १९४९ सालच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत याच गार्डनमध्ये शिकागोच्या लॉयोलाविरुद्ध फरक कमी करता करता ते सामनाच हरले होते. फरक आवळणे ही कला दिसते तितकी सोपी नाही. गोष्ट हातातून निसटते.

ही मुले का विकली गेली? गरिबी हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. हजारो लोक तिकीट काढून येत, सभागृहाचा मालक, आयोजक, कॉलेज सारे कमावत. खेळणाऱ्याला काहीच नाही. पण मला त्या सौद्याची भाषा अधिक महत्त्वाची वाटते. 'हरा' असे कोणी म्हणतच नव्हते. जिंका, फक्त थोडे कमी जिंका. कोणाचे काय बिघडले? अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या विवेकाला चुकवण्यासाठी याहून गुळगुळीत वाक्यरचना सापडणे कठीण. निकाल हा प्रेक्षकाचा, फरक हा कोणाचाच नाही, असे त्यांनी स्वतःला समजावले असावे. त्यांना कळले नाही ते हे, की फरक पाहणारा कोणीतरी आहे म्हणूनच त्याचे पैसे मिळत आहेत.

आता मुख्य प्रश्न. मार्च १९५० चे ते सामने खरे होते काय? सिटीच्या खेळाडूंवर जे आरोप सिद्ध झाले ते साखळीतील नेहमीच्या सामन्यांचे. दोन्ही स्पर्धांतील सात विजयांपैकी एकही विकला गेल्याचे पुढे आलेले नाही. आणि तर्कही त्याच बाजूचा आहे. फरक आवळता येतो तो जिंकण्याची अपेक्षा असलेल्या संघाला. केंटकी आणि ब्रॅडलीसमोर सिटी दुबळी समजली जात होती. तिने विकायचे तर अधिक गुणांनी हरायला हवे होते, आणि ती जिंकली. २८ मार्चच्या रात्री प्रेक्षकांनी जे पाहिले ते खरे होते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

परंतु सिटीच्या प्रेक्षकाला हा युक्तिवाद पुरला नाही, आणि का पुरला नाही हे साहित्याच्या अभ्यासकाला समजायला हवे. पुनर्वाचन ही एकदा सुरू झाली की न थांबणारी क्रिया आहे. डिसेंबरच्या एका साध्या सामन्यात रोमनचा हुकलेला नेम तेव्हा निव्वळ हुकलेला नेम होता. आता तो आठवणीतून बाहेर काढून उजेडात धरावा लागला. वॉर्नरच्या हातून सुटलेला चेंडू, रॉथने चुकीच्या बाजूला दिलेला पास, सारे संशयित. संशयाने वाचणे ही आपल्या वर्गांतून प्रतिष्ठा पावलेली पद्धत आहे, आणि तिने पुष्कळ काही दिले आहे. पण ती स्वेच्छेने स्वीकारणे वेगळे आणि प्रेमाच्या वस्तूवर लादली जाणे वेगळे. विद्यार्थ्यांचे नुकसान सामना विकला गेल्याने झाले नाही. फरक पाहणाऱ्या माणसाचे डोळे त्यांना कायमचे लावावे लागले, यात ते झाले. आता त्यांनाही शेवटच्या निरुपयोगी बास्केटकडे टक लावून पाहावे लागणार होते. सन २००० मध्ये क्रिकेटमधील सामनेनिश्चितीची प्रकरणे बाहेर आल्यानंतर आपल्याकडे जुने सामने आठवणाऱ्यांची जी अवस्था झाली, ती ज्यांना स्मरते त्यांना हे अधिक सांगायला नको.

१९५२ साली बर्नार्ड मॅलमड यांची 'द नॅचरल' ही पहिली कादंबरी आली. मॅलमड सिटी कॉलेजचेच, १९३६ चे पदवीधर. कादंबरी बेसबॉलची आहे, तिचे धागे त्या खेळाच्या जुन्या दंतकथांत व १९१९ च्या लाचप्रकरणात आहेत. तिचा सिटीशी संबंध जोडणे ओढाताणीचे होईल. तरीही लाच घेतलेला नायक, आणि हे खरे नाही असे त्याच्याकडून ऐकू इच्छिणारा एक मुलगा, हा तिचा शेवट त्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या वाचकाला कसा लागला असेल? १९८४ साली निघालेल्या चित्रपटात हा शेवट बदलून नायकाला दिव्यांच्या वर्षावात विजयी केले आहे. प्रेक्षकाला काय हवे असते, ते चित्रपटवाल्यांना बरोबर ठाऊक होते. असो.

सट्ट्याचा सूत्रधार जवाहिऱ्या साल्व्हातोरे सोलाझो दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासावर गेला. खेळाडूंपैकी बहुतेकांच्या शिक्षा तहकूब झाल्या. वॉर्नरला सहा महिन्यांचा तुरुंग मिळाला. हार्लेममध्ये वाढलेले हे अनाथ पोर संघातले बहुधा सर्वांत गुणी, आणि शिक्षेच्या तराजूत सर्वांत हलके ठरले. न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी खेळाडूंइतकेच कॉलेजांनाही झोडपले; काही मुलांच्या शालेय गुणपत्रिका प्रवेशासाठी फेरफार करून घेतल्याचे त्यांनी नोंदवले. गुणवत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या सिटीला हा घाव लाचेहूनही खोल लागला असेल. होल्मन यांना १९५२ साली निलंबित करून १९५४ साली परत घेतले. संघाने गार्डन सोडले आणि तो आपल्या लहान व्यायामशाळेत, लहान स्पर्धांत खेळू लागला. डॅमब्रॉट दंतवैद्य झाला. मेलचिओरेला १९५१ च्या व्यावसायिक निवडीत सर्वांत पहिला क्रमांक मिळाला होता. तो एकही व्यावसायिक सामना खेळू शकला नाही. लेन मात्र १९७४ साली सिटीचा प्रशिक्षक होऊन त्याच टेकडीवर परतला आणि १९८८ पर्यंत तेथे राहिला. त्याच्या नेमणुकीनंतर दोनच वर्षांनी, १९७६ साली, शहराच्या आर्थिक डबघाईत कॉलेजला फी लागू झाली.

विजेतेपद काढून घेतले गेले नाही. अधिकृत यादीत १९५० समोर सिटी कॉलेजचे नाव आहे आणि उपविजेता म्हणून ब्रॅडलीचे. पिओरियाच्या बाजूची तक्रार लाचेची नव्हती, सट्ट्याचीही नव्हती. शेवटच्या क्षणी डॅमब्रॉटने चेंडू काढला तेव्हा त्याचा हात मेलचिओरेला लागला होता, तो फाउल होता आणि पंचांनी शिट्टी वाजवली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.